मेंदीच्या केसांवर पहिल्यांदाच पार्लरमध्ये कलर: आधी काय बघावं?

द्राक्षवेल:
कॉलेज रोडच्या पार्लरमध्ये ग्लोबल कलर (सगळ्या केसांना एकच रंग) करायचाय. केस कमरेच्या जरा वर, काळेभोर, कपाळाजवळ थोडे पांढरे. दोन वर्षं मेंदी लावते, शेवटची दीड महिन्यापूर्वी. कॅरॅमल हवाय, पण ब्लीच नको. घरी बोअरचं पाणी आहे. काय विचारून ठेवू?

रंगपेटी:
आधी मेंदीचं पाकीट शोधा. नुसत्या पाल्याची मेंदी असेल तर कलर बसतो, फक्त टोकांना तांबूस झाक राहते. मिसळलेल्या मेंदीत धातूंचे क्षार असले तर डेव्हलपरमधल्या (कलरमध्ये मिसळतात ते द्रावण) पेरॉक्साइडने केस तापतात आणि तुटतात. मानेजवळची एक बारीक बट कापून 20 व्हॉल्यूमच्या, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइडच्या, डेव्हलपरमध्ये अर्धा तास ठेवायला सांगा. फसफसली किंवा गरम लागली तर कलर नकोच. दीड महिना झाला म्हणून निर्धास्त राहू नका. केस महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे जेमतेम दोन सेंटीमीटर केस कोरा.

आणि कॅरॅमल विसरा. शेडचे आकडे 1 (काळा) पासून 10 (फिकट सोनेरी) पर्यंत जातात. आपले केस बहुधा 2-3 वर, कॅरॅमल 7 च्या आसपास. 20 व्हॉल्यूम एक-दोन पायऱ्या चढवतं, 30 (9 टक्के) फार तर तीन. मोबाईलमधल्या फोटोतला रंग ब्लीचचाच असतो, मग पार्लरवाली काहीही म्हणो.

कंगवा:
पांढऱ्यांचं वेगळं बघावं लागतं. 5.3 सारखी सोनेरी शेड एकटीच लावली तर ते केस पितळेसारखे चमकतात. तिच्यात निम्मी 5.0 (त्याच पायरीची, पण सोनेरी झाक नसलेली) मिसळायला सांगा, डेव्हलपर 20 चंच.

लावण्याचा क्रमही विचारा. डोक्याच्या उबेने मुळांशी रंग लवकर उघडतो. म्हणून आधी दोन सेंटीमीटर सोडून लांबीला, वीसेक मिनिटांनी मुळांना. उलट केलं की मुळं भडक, खाली काळं. तुमच्या लांबीला 60 ग्रॅमच्या तीन ट्यूब तरी लागतील. त्या समोर फोडायला लावा, नंबरचा फोटो काढा. पुढच्या टचअपला तोच लागेल, आणि तेव्हा फक्त मुळांनाच. पैसे लांबीवर आकारतात, वॉश आणि ब्लो ड्राय त्यात धरलंय का ते आधीच विचारा.

पंचवटीकर:
बोअरच्या जड पाण्याने रंग निस्तेज दिसतो. पालिकेचा नळ असेल तर केस त्याच पाण्याने धुवा, नाहीतर शेवटचा तांब्या आरओचा. पहिले 48 तास शाम्पू नको, पुढे सल्फेट नसलेला, आणि कढत पाणी बंद.

द्राक्षवेल:
पाकीट सापडलं. त्यावर पॅराफिनिलिनडायअमाईन लिहिलंय! अमोनिया-फ्री कलर घेतला तर चालेल ना?

रंगपेटी:
अमोनिया-फ्री म्हणजे पीपीडी-फ्री नव्हे. पीपीडी म्हणजे तेच लांबलचक नाव, डायमधलं रसायन, त्याची अ‍ॅलर्जी येऊ शकते. त्या मेंदीने टाळूला खाज किंवा कानामागे पुरळ आलं असेल तर केसांचा डाय लावूच नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नसेल आलं तरी 48 तास आधी कानामागे पॅच टेस्ट (थोडा कलर लावून बघणं) हवीच.

शिवाय लांबीवर आधीच डाय बसलाय, आणि कलरने कलर उजळत नाही. 5 लावाल तर मुळं तपकिरी आणि खाली काळं राहील. 3 किंवा 4 च घ्या.