सामाईक सातबारा, बटई आणि पीएम-किसान: पैसे नेमके कोणाला?

बांधकरी (प्रश्न)
एका गटाच्या सातबाऱ्यावर तीन सज्ञान भाऊ, मिळून ४ एकर. थोरल्याला पीएम-किसानचे हप्ते येतात. मधल्याचं नाव जुनंच, पण बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, अर्ज नामंजूर. धाकट्याचं नाव २०२१ मध्ये वाटणीपत्रानं चढलं, तोही बाद. वडील हयात, पेन्शन महिना १८ हजार. कसतो मात्र चौथाच माणूस, बटईनं (पिकाच्या वाट्यावर). नियमात कोण कुठं बसतो?

फेरफार
क्षेत्र सोडून द्या. २ हेक्टरची मर्यादा होती, ती २०१९ मध्येच गेली. बघतात ते कुटुंब आणि तारीख.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. म्हणून तीन सज्ञान भाऊ ही तीन कुटुंबं, आणि वडिलांची पेन्शन त्यांच्या आड येत नाही. वडिलांच्या नावावर वेगळी जमीन असेल तरी ते स्वतः बाद, कारण पेन्शन १० हजार किंवा जास्त असली की लाभ नाही. (चतुर्थ श्रेणीतून निवृत्त असते तर चाललं असतं.) मधल्याचं उत्तर इथंच आहे: कुटुंबातला एक जण सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नोकरीत (चतुर्थ श्रेणी सोडून) कायम असला की अख्खं कुटुंब बाद. बायकोच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

धाकट्याची अडचण तारखेची. १ फेब्रुवारी २०१९ ला नाव जमिनीच्या अभिलेखात हवं. त्यानंतरचं खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी चालत नाही. सूट एकच, मालकाच्या मृत्यूनंतरची वारसनोंद. अशा अर्जाला नुसता चालू सातबारा जोडू नका. वारसाचा फेरफार (नाव बदलल्याची महसुली नोंद) आणि मयताचं नाव या तारखेच्या आधीपासून होतं हे दाखवणारा जुना फेरफार, दोन्ही जोडा.

बांधकरी
थोरला दरवर्षी आयकर विवरणपत्र भरतो, कर शून्य. त्याचा हप्ता थांबेल का?

फेरफार
अट कर *भरणाऱ्यांना* आहे, विवरणपत्र भरणाऱ्यांना नाही. मागच्या करनिर्धारण वर्षात प्रत्यक्ष कर भरला असेल तर मात्र बाद, आणि बायकोनं भरला असेल तरी तेच. अपात्र असताना घेतलेले हप्ते वसूल करतात.

आठ_अ
थोरल्याचा हप्ता उद्या अडकलाच, तर आधी पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्थिती बघा. तीन रकाने असतात: ई-केवायसी (ओळख पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), आधार-बँक सीडिंग (आधार खात्याला जोडणं). तिसऱ्यात सगळ्यात जास्त घोळ. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था) नोंदीत आधारपुढं शेवटी जी बँक जोडली गेली, तिथंच २,००० जमा होतात. पैसे ‘आले नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचे ते विसरलेल्या जुन्या खात्यात पडलेले असतात. खातं बदलायचं तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज भरा. लँड सीडिंग ‘नाही’ दिसलं तर सातबारा, ८अ (खातेउतारा) आणि आधार घेऊन तालुक्याला जा.

कोरडवाहू
चौथ्याबद्दल, म्हणजे बटईनं कसणाऱ्याबद्दल, कोणीच बोललं नाही. पीएम-किसानमध्ये त्याला शून्य, आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे वर्षाचे ६,००० त्याच यादीवर चालतात म्हणून तेही शून्य. पीक विम्यात कुळाला (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला) जागा आहे, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि मालक तो करून देत नाही. भीती कूळ कायद्याची: १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली, हे घरोघरी अजून लक्षात आहे. म्हणून सगळं तोंडी.

त्याच्यापर्यंत पोचतं ते खताचं अनुदान, तेही आडवाटेनं. पैसे कंपनीला जातात, दुकानातल्या पॉस मशीनवर (विक्री नोंदवणारं यंत्र) विक्रीची नोंद झाल्यावर. त्याला फक्त ४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. सातबाऱ्यावर नाव असण्याची अट त्यात नाही. खरेदीला आधार स्वतःचं द्यावं, मालकाचं नको, आणि पावती मशीनचीच मागावी. छापील दरापेक्षा जास्त घेतले किंवा सोबत दुसरं काही गळ्यात मारलं, तर तक्रारीला तेवढाच कागद हातात असतो.