शब्दचर्चा : धुराचा माग, मागोवा की पाळत?

खानापूरहून प्रश्न : शाळेसाठी भित्तिपत्रक करतेय. मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे लागले, ते रान आपल्या तालुक्याला लागूनच. उपग्रहाच्या चित्रांवरून धूर कुठे गेला हे कसं कळतं, ते मुलांना सांगायचंय. ‘स्मोक ड्रिफ्ट ट्रॅकिंग’ला एके ठिकाणी ‘धुराच्या स्थलांतराचा मागोवा’ असं वाचलं. कानाला खटकलं. तुम्ही काय म्हणाल?

निपाणीहून : स्थलांतर माणसांचं, पाखरांचं. धूर वाहतो, कलतो, पांगतो, विरतो. गार सकाळी खोलगटात बसतो, घरात कोंदतो. इतकी क्रियापदं असताना नाम घडवायचंच कशाला? ‘धूर कुठे वाहत गेला’ एवढं पुरे.

बेळगावहून : क्रियापदांचं पटलं. पण ताई, ‘मागोवा’ हल्ली ‘आढावा’च्या अर्थाने इतका वापरला गेलाय की त्यातला माग पुसून गेलाय. ‘माग काढणे’ म्हणा. मातीत उमटलेल्या पावलांवरून जनावर कुठून आलं, कुठे गेलं हे ओळखणं म्हणजे माग. सुओमी एनपीपी, नोआ-२० हे ध्रुवीय कक्षेतले उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. दोन फेऱ्यांच्या मधलं काही दिसत नाही. वाऱ्याची दिशा धरून ते जुळवावं लागतं, अगदी दोन पावलांमधलं अंतर जुळवावं तसं. इन्सॅट-३डीआर हा आपला हवामान उपग्रह मात्र विषुववृत्तावर एकाच जागी राहून अर्ध्या तासाने चित्र देतो. त्याला माग नको, ‘पाळत’ म्हणा. ‘ट्रॅकिंग’ या एका इंग्रजी शब्दाची इथे मराठीत दोन कामं होतात, ती वेगळीच ठेवावीत असं मला मनापासून वाटतं.

मुलांना हेही दाखवा : धुराचं टोक आगीपाशी निमुळतं असतं आणि वारा वाहतो त्या दिशेला पसरत जातं, म्हणून माग उलटा, रुंदीकडून टोकाकडे काढायचा. सकाळचं धुकं दऱ्यांच्या आकारात पांढरंशुभ्र भरलेलं दिसतं. धूर निळसर-करडा, डोंगर ओलांडून जाणारा. त्याला ‘धुरके’ म्हणू नका, तो धूर आणि धुकं मिसळल्याचा शब्द आहे.

जांबोटीहून : आमच्याकडे म्हातारी माणसं ‘वणवा’ फार म्हणत नाहीत, ‘रान लागलंय’ म्हणतात. शेजारचे कन्नड बोलणारे ‘काड्गिच्चु’, म्हणजे काडु रान आणि किच्चु आग. ‘वणवा’ची घडणही तीच, वन आणि दव. संस्कृतात ‘दव’ म्हणजे रानातली आग, आणि आपण मराठीत गवतावरच्या थेंबाला दव म्हणतो! दोन शब्दांची कुळं वेगळी, पण मुलांना हे सांगाच.

खानापूरहून : सगळ्यांचे आभार. मथळा ठरला : ‘वणव्याच्या धुराचा माग’. आता उपग्रहांवरून केलेल्या आगीच्या नकाशावरच्या लाल खुणेला काय म्हणू? ‘आग’ लिहिलं तर मुलांना तेवढी ज्वाळा वाटेल.

बेळगावहून : ‘तापठिपका’ लिहा. सुओमी एनपीपी आणि नोआ-२० वरच्या विर्स (VIIRS) या चित्र टिपणाऱ्या यंत्राचा एक चौकोन ३७५ मीटरचा. त्यात कुठेतरी खूप तापलंय एवढंच तो सांगतो. धुरातूनही तो बहुधा दिसतो, कारण आगीचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण धुराला सहसा अडत नाहीत. दाट ढगाला मात्र अडतात. खाली एक ओळ जरूर टाका : ठिपका नाही म्हणजे आग नाही, असं नाही.