स्लीप अ‍ॅप्निया असताना पूर्ण भूल घेण्याविषयी

प्रश्न

नमस्कार. माझे वय ५४ असून पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या स्लीप स्टडीत माझा श्वास झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा अडतो, म्हणजेच मला स्लीप अ‍ॅप्निया आहे, असे आढळले. तेव्हापासून मी रोज रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र) लावतो. रुग्णालयाच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, दमा असे रकाने होते, झोपेविषयी एकही नव्हता, म्हणून मीही काही लिहिले नाही. भूल दिल्यावर नळीतून यंत्रच श्वास देणार असेल, तर माझ्या आजाराने काही फरक पडतो का? आणि सीपॅप सोबत न्यावा का?

प्रतिसाद १

मी भूलतज्ज्ञ आहे. रकाना नसला तरी ही गोष्ट आजच फोन करून कळवावी, शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नव्हे. तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा श्वास अडणे हे तीव्र स्वरूपात मोडते.

नळी घशात असेपर्यंत श्वासमार्ग सुरक्षित असतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. आमची खरी काळजी नळी घालण्यापूर्वीची काही मिनिटे आणि ती काढल्यानंतरचे तास यांची असते. नेहमीच्या झोपेत घसा मिटला की मेंदू क्षणभर जागा होतो, आपण घुसमटून कूस बदलता आणि श्वास पुन्हा सुरू होतो. भुलीच्या औषधांचा अंमल आणि मॉर्फीन, फेंटानिल यांसारखी वेदनाशामके नेमकी ही जाग येण्याची क्रियाच मंदावतात. म्हणून अशा रुग्णाची नळी आम्ही तो पुरता शुद्धीवर आल्यावर, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा परिणाम पूर्ण ओसरल्याची खात्री करून आणि शक्यतो उशाकडची बाजू उचललेल्या स्थितीत काढतो. वेदनांसाठी पॅरासिटामॉल, मूत्रपिंड व जठर ठीक असल्यास दाहशामक गोळ्या आणि छिद्रांच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन यांवर भर देतो, म्हणजे मॉर्फीनसारखे अफूवर्गीय औषध कमीत कमी लागते.

सीपॅप अवश्य न्यावा, तोही स्वतःच्या मास्कसह. रुग्णालयात यंत्र मिळेलही, पण आपल्या नाकाला बसणारा मास्क मिळेलच असे नाही. यंत्राचा दाब किती ठेवला आहे ते कागदावर लिहून न्यावे, आणि शस्त्रक्रियेपर्यंत एकही रात्र यंत्राविना काढू नये.

प्रतिसाद २

मी हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी यंत्र नेले होते, पण ते पिशवीतच राहिले, कारण वॉर्डमध्ये ते लावायचे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. नाकाला प्राणवायूची नळी आणि बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा होता. रात्री दोनच्या सुमारास गजर वाजू लागला, आणि चिमटा सैल झाला असेल असे समजून परिचारिकेने तो दुसऱ्या बोटाला लावला. रक्तातील प्राणवायूचा आकडा तरीही ८४ टक्क्यांवरच राहिला, तेव्हा पत्नीने पिशवीतून यंत्र काढले. म्हणून माझे सांगणे एवढेच की, भूलतज्ज्ञांना सांगून थांबू नये. रात्रपाळीच्या परिचारिकेलाही स्वतः सांगावे आणि केसपेपरवर ते लिहून घ्यावे.

प्रतिसाद ३

माझे यजमान जोरात घोरतात आणि मध्येच त्यांचा श्वास थांबतो, पण त्यांची तपासणी कधी झालेली नाही. त्यांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आहे. नुसती गुंगी देणार आहेत, तेव्हा तिथे हा प्रश्न येत नसावा, बरोबर ना?

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ देणारे भूलतज्ज्ञ)

उलट तिथे अधिक सावध राहावे लागते, कारण गुंगीत घशात नळी नसते आणि श्वासमार्ग उघडा ठेवण्याचे काम रुग्णाच्या स्वतःच्या शिथिल झालेल्या स्नायूंवर येते. निदान झालेले नसले तरी आपण जे पाहिले आहे ते भूलतज्ज्ञांना तसेच्या तसे सांगावे. ते स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची छोटी चाचणी घेतील. तिच्यात घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का, रक्तदाब, वजन-उंचीचे प्रमाण, वय, मानेचा घेर आणि लिंग एवढेच विचारतात. श्वास थांबताना पाहणारी व्यक्ती बहुधा शेजारी झोपणारीच असते, त्यामुळे तपासणीला आपण सोबत जाणे उत्तम.

मूळ प्रश्नकर्त्यांना सांगायची एक गोष्ट राहून गेली. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नांची झोप कमी लागते आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या रात्रीच्या सुमारास ती भरपाई केल्यासारखी वाढू शकते. स्वप्नांच्या झोपेत घसा सर्वांत शिथिल असतो. तोवर आपण घरी आलेले असाल, म्हणून घरी दुपारच्या डुलकीलाही मास्क लावावा, उताणे झोपणे टाळावे आणि मद्य किंवा झोपेची गोळी घेऊ नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज फोन केला. भूलतज्ज्ञांनी स्लीप स्टडीचा अहवाल मागवला असून, त्याच दिवशी घरी सोडण्याऐवजी एक रात्र देखरेखीखाली ठेवण्याचे ठरवले आहे. दाबाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी यंत्रालाच चिकटवून ठेवली आहे.