नारळ उभा राहिला आणि पाणी पण लागलं, आता आबांना काय सांगू?

जतकर_सध्या_सांगलीत:
मंडळी जरा मदत करा. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, शेती जत तालुक्यात, ती आबा बघतात. मागच्या महिन्यात बोअर मारायचं ठरलं तर आबांनी पाणाड्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून माणूस शेतभर फिरला, बांधाकडच्या कोपऱ्यात नारळ टुणकन उभा राहिला, आबा म्हणाले मारा हितंच. मी लय वाद घातला, मशीनवाल्याला बोलवू म्हटलं, पण कोण ऐकतंय. ३१० फुटाला दोन इंची पाणी लागलं. आता मी घरात तोंड उघडलं की सगळे हसतात, आई सुद्धा.

वर आबांचं म्हणणं असं की त्या माणसाची गावात दहातली सात बोअर लागलीत, म्हणजे प्रयोग झाला, निष्कर्ष निघाला, तुझं विज्ञान अजून काय वेगळं करतंय? आणि तुझं विज्ञान तर सारखं शब्द फिरवतंय, शाळेत नऊ ग्रह शिकवले, आता म्हणतात आठच. आमचा नारळ तरी बदलत नाही. बी.एस्सी. होऊन मला उत्तर सुचलं नाही राव. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष हे परीक्षेला पाठ केलेलं, पण आबांनी तर चारही केल्यात की.

खडक_फोड्या:
आधी आबांचं अभिनंदन, जतमध्ये दोन इंची म्हणजे चेष्टा नव्हे. मी रेझिस्टिव्हिटी मशीन, म्हणजे जमिनीत वीज सोडून ती किती अडते ते मोजणारं यंत्र, घेऊन बोअरच्या जागा बघून देतो, म्हणजे तुमचा तो मशीनवाला मीच समजा.

दहातली सात यात एक आकडा गायब आहे. त्याच गावात पोराला दगड फेकायला सांगितलं असतं आणि जिथं पडला तिथं बोअर मारलं असतं, अशी दहा, तर किती लागली असती? तीपण सात निघाली तर नारळानं काय केलं? आपल्याखालचा काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. तीनशे फूट खाली जाताना असा एखादा सांधा किंवा भेग बऱ्याच ठिकाणी भेटते, थोडंफार पाणी येतं. शिवाय ही सात मोजली कुणी? कोरडं गेलेलं बोअर कोण चावडीवर सांगत नाही, झाकण लावतो आणि गप बसतो.

हे जर्मनीत नीट तपासून झालंय. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ दोन मजली कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सारखा इकडं तिकडं सरकवायचे आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं सांगायचं पाइप कुठं आहे. निवडून घेतलेले ४३ जण होते, ८४३ चाचण्या केल्या. करणाऱ्यांनी म्हटलं बहुतेकांना जमलं नाही पण मोजक्या काही जणांना खरंच जमतं. पुढं १९९९ मध्ये एनराइट नावाच्या शास्त्रज्ञानं तेच आकडे परत तपासले आणि म्हटला, अंदाजानं सांगितलं असतं तरी एवढंच आलं असतं. मला यात आवडतं ते हे, की आकडे सगळ्यांसमोर होते म्हणून दुसऱ्याला चूक काढता आली.

द्राक्षवाला_तासगाव:
दादा मी दहावी नापास माणूस, तुमचं गृहीतक बिहीतक मला म्हाईत न्हाई. पण औषधवाला आला आन म्हणला हे मारा डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) जाणार, तर मी सगळीकडं मारतो आन चार ओळी सोडतो बिगर मारता. आमची मंडळी वरडती की चार ओळींचं नुकसान करून ठेवता, रोग त्या ओळीतनं पसरंल. पण एका साली शेजारच्यानं एका नव्या औषधाचं लय कौतुक केलं, बघ म्हणला पानावर एक डाग न्हाई. मी माझ्या सोडलेल्या ओळी दाखवल्या, तिथं पण डाग न्हाई. पाऊसच नव्हता त्या साली, डाऊनी येणार कुठनं. त्येनं पैसं औषधाचं दिलं आन काम केलं उन्हानं.

आबांची चार ओळी सोडायची राहिली बघा, एवढंच.

आन बोर्डो आपण समदीच मारतो की, मोरचूद आन चुना. त्याची गोष्ट आमच्या प्रशिक्षणात एका सरांनी सांगितल्याली. फ्रान्सात रस्त्याकडंची द्राक्षं लोकं तोडून खायची म्हणून बागवाल्यांनी कडंच्या वेलींवर हे निळं पाणी मारलं, विषारी दिसावं म्हणून. १८८२ साली मिलार्डे म्हणून प्राध्यापकानं बघितलं की आतली बाग डाऊनीनं गेली आन कडंच्या वेली हिरव्यागार. म्हंजे चोराच्या भ्यानं का हुईना ओळी आपोआप सुटल्या. पण तो तिथनं नाचत घरी न्हाई गेला, वेगवेगळं प्रमाण मारून बघत बसला, छापलं १८८५ ला.

कृष्णाकाठ_वाईकर:
सोपं आहे हो. पॉपर नावाचा तत्त्वज्ञ सांगून गेला, जे खोटं ठरवता येतं ते विज्ञान. नारळवाला चुकला की म्हणतो शेतात दोष आहे, म्हणजे तो कधीच चुकत नाही, विषय संपला. आणि आपले पूर्वज पण काही कमी नव्हते, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पाणी शोधायचा अख्खा अध्याय आहे.

मिरजेचे_गुरुजी:
वाईकर, विषय संपला म्हणू नका, तिथंच तर सुरू होतो. ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं मी पण हेच वाक्य फळ्यावर लिहीत होतो.

युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. तुमच्या हिशोबानं न्यूटन खोटा ठरला, टाका त्याला. पण ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं म्हटलं, गणित बरोबर आहे, पलीकडं अजून एक ग्रह असणार. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. मग बुध पण किंचित चुकतोय असं दिसलं, शंभर वर्षांत ४३ विकलांचा फरक (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग). १८५९ मध्ये याच माणसानं हेच औषध परत दिलं, आत अजून एक ग्रह असणार, त्याला नावही पडलं व्हल्कन. लोकांनी दुर्बिणी लावून डोळे फोडून घेतले, काही जणांना तो दिसला सुद्धा! पण दुसऱ्यानं सांगितलेल्या वेळी बघितलं की नसायचा. शेवटी १९१५ मध्ये आइनस्टाइननं गुरुत्वाकर्षणच नव्यानं मांडलं तेव्हा ते ४३ जुळले, व्हल्कनची गरजच उरली नाही.

माणूस तोच, युक्ती तीच, एकदा लागू पडली एकदा नाही. आधी कुठली लागू पडणार ते कुठल्याच नियमानं सांगता येत नव्हतं. मात्र ल व्हेरिए जागा सांगत होता, अमुक ठिकाणी बघा, म्हणून तो सापडू पण शकला आणि उघडा पण पडू शकला. नारळवाला 'शेतात दोष' म्हणतो तेव्हा आता कुठं बघायचं ते सांगत नाही. बृहत्संहितेचं मात्र बरोबर बोललात, तिथं जांभळाच्या पूर्वेला वारूळ असेल तर दक्षिणेला दोन पुरुष (पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढं माप) खोलीवर गोड पाणी, असं मापासकट लिहिलंय. खरं खोटं खणून बघता येतं, नारळापेक्षा ते कितीतरी धीट.

आबांना प्लुटोबद्दल सांगा, तो आहे तिथंच फिरतोय. त्याच्यासारखे अजून गोळे सापडायला लागले म्हणून २००६ मध्ये ग्रह कशाला म्हणायचं ते ठरवलं. खरं बदलणं बघायचं तर न्यूटनचं बघा, आणि तरी यान पाठवताना बहुतेक हिशोब आजही त्याचाच चालतो.

जतकर_सध्या_सांगलीत:
गुरुजी, सगळं आबांना वाचून दाखवलं. द्राक्षवाल्या भाऊंचं त्यांना एकदम पटलं, जर्मनीचं नाही, म्हणाले त्या लोकांना नारळ कुठनं मिळणार. मग मी म्हटलं पाणाड्याचे डोळे बांधून शेतात दोनदा फिरवू, दोन्ही वेळा नारळ त्याच जागी उभा राहतो का बघू, बोअरचा खर्च पण नाही. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, चालतंय, पण मशीनवाल्याचे पण बांध.

खडक_फोड्या:
आबा बरोबर बोलले, बांधा. आमचं मशीन पण चुकतं, ओली चिकणमाती किंवा दोन थरांमधली तांबडी माती असली की पाण्यासारखंच रीडिंग देतं, निदान कुठं फसणार ते आम्हाला आधी माहीत असतं. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा, खुणेचे दगड एकमेकांना दिसू देऊ नका, आणि बांधाकडच्या बोअरची केसिंग, म्हणजे वर आलेला पाइप, पोत्यानं झाका, नाहीतर नारळ पहिला तिथंच उभा राहणार.