डोळ्याखाली फिलर केलं, निळसर पट्टा जातच नाहीये

चकलीची_भाजणी:
नमस्कार मंडळी, जरा नाजूक विषय आहे, हसू नका. दिवाळीच्या आधी डोळ्याखालच्या खड्ड्यांसाठी फिलर घेतलं, म्हणजे खड्डा भरायला सुईने टोचतात ते जेल, ह्यालुरॉनिक ॲसिडवालं. सुरुवातीची सूज आणि काळंनिळं उतरलं, पण आता संक्रांत होऊन गेली तरी डाव्या डोळ्याखाली नाकाच्या बाजूला निळसर राखाडी पट्टा आहे तो आहेच. ट्यूबलाइटखाली कमी दिसतो, खिडकीशी उभी राहिले की लगेच. उजवीकडे सुई टोचली होती तिथे दोन तपकिरी ठिपके. शिवाय सकाळी उठले की डावीकडे फुगवटा, दुपारपर्यंत बसतो, आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल तर विचारूच नका.
क्लिनिकला फोन केला की रिसेप्शनवरची मुलगी म्हणते मसाज करा, बसेल. डॉक्टर काही फोनवर येत नाहीत आणि आता डागासाठी लेझरचं पॅकेज घ्या म्हणतायत. घरी नवरा सोडून कोणाला माहीत नाही, सासूबाई रोज विचारतात झोप होत नाही का गं तुझी. लेझर करू का?

मलम_पट्टी:
लेझरचे पैसे आत्ता भरू नकोस. मी स्किनमध्येच काम करते, पण फोटोसुद्धा न बघता लिहितेय हे लक्षात ठेव. तुझ्याकडे बहुतेक तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तू (आणि ते क्लिनिक) तिन्हीला 'डाग' म्हणताय.
निळा पट्टा: मार लागल्याचा निळेपणा हिरवा, पिवळा होत साधारण दोनतीन आठवड्यांत जातो. तुझा रंग बदलतच नाहीये म्हणजे जेल फार वर, कातडीच्या लगेच खाली बसलंय असं वाटतं. पापणीजवळची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, त्यातून उजेड आत जाऊन विखुरतो आणि निळा परत येतो, ह्याला टिंडल इफेक्ट म्हणतात. रंगद्रव्य नाहीच तिथे, मग लेझर कशावर मारणार?
तपकिरी ठिपके: आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला टोचलं की ती काळवंडते, नाहीतर मुरलेल्या रक्तातलं लोह मागे राहतं. दोन्ही हळूहळू फिकट होतात, महिने लागतात. सनस्क्रीन रोज, ढगाळ असलं तरी. लिंबू-हळद चोळू नकोस, डोळा आहे तो.
फुगवटा: ह्यालुरॉनिक ॲसिड पाणी धरतं, म्हणून खारट खाल्लं की सकाळी जास्त. इतक्या दिवसांनी मसाज करून जेल जागेवर जात नाही, उलट सूज वाढवशील.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
माझं अगदी हेच झालेलं, फक्त दोन्ही डोळ्यांना. मी त्या मूळ क्लिनिकचा नाद सोडला आणि पापण्यांचं ऑपरेशन करणारे डोळ्यांचे डॉक्टर असतात ना, ऑक्युलोप्लास्टिकवाले, त्यांना दाखवलं. त्यांनी आडवा टॉर्च मारून बघितलं, जेलची गादीच दिसत होती कडेने. मग हायल्युरोनिडेजचं इंजेक्शन, ते हे जेल विरघळवतं. चुरचुरलं, डोळा सुजला, आणि दुसऱ्या दिवशी सूज उतरली तेव्हा निळं जवळजवळ गेलेलं. थोडं उरलं म्हणून परत एकदा टोचावं लागलं. खड्डे परत आले हे पण सांगून ठेवते, आणि पहिल्या आठवड्यात ते आधीपेक्षा खोल वाटतात, रडू येतं. आता मी कन्सीलर लावते आणि गप्प बसते.
कंपनी म्हणते वर्षभरात विरघळेल वगैरे, त्या भरवशावर बसू नकोस, डोळ्याखाली ते कितीतरी वर्षं राहू शकतं.

सडेतोड_आजोबा:
देवाने दिलेल्या चेहऱ्यात सुया कशाला खुपसायच्या? आमच्या वेळी काकडीच्या चकत्या ठेवायचो.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
आजोबा, काकडी कोशिंबिरीत छान लागते. आणि केस काळे करता ना तुम्ही?

मलम_पट्टी:
😄 असो. चकली, विरघळवायच्या आधी क्लिनिककडून फिलरचं नाव आणि बॅच नंबर लिहून घे, खोक्यात स्टिकर येतो, तो तुझ्या फाइलला असायला हवा. हायल्युरोनिडेज फक्त ह्यालुरॉनिक ॲसिडवर चालतं. कॅल्शियमवालं फिलर किंवा स्वतःची चरबी भरली असेल तर त्याचा उपयोग शून्य. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगभर सुजली असशील तर डॉक्टरांना आधी सांग, ॲलर्जी होऊ शकते. गाठ लागत असेल, लाल-गरम होत असेल तर ते वेगळं प्रकरण, तेही दाखव.
आणि जे कोणी हे वाचून फिलर करायला निघालेत त्यांच्यासाठी: टोचताना किंवा नंतर कातडी पांढरी पडली, जाळीसारखी जांभळी नक्षी आली, भयंकर दुखलं तर जेल रक्तवाहिनीत गेलेलं असू शकतं, 'उद्या बघू' नाही, त्याच क्षणी डॉक्टर. नजर अंधुक झाली किंवा गेली तर थेट मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी, कायमचं अंधत्व आल्याच्या केसेस आहेत. म्हणून ज्यांच्याकडे हायल्युरोनिडेज तिथेच फ्रिजमध्ये नाही त्यांच्याकडून टोचून घेऊ नका. पार्लरमध्ये तर नाहीच.

चकलीची_भाजणी:
बापरे. फाइल मागितली, आधी म्हणाले आमच्याकडे नसते, मग लेखी मेल टाकला तर संध्याकाळी स्टिकरचा फोटो आला! ह्यालुरॉनिकच आहे. लेझरला नाही सांगितलं. एप्रिलमध्ये नणंदेचं लग्न आहे, तोपर्यंत विरघळवून चेहरा नीट होईल का?

डोंबिवली_फास्ट_लोकल:
एप्रिलला भरपूर वेळ आहे, पण अपॉइंटमेंट ह्याच आठवड्यात घे. आणि लग्नाआधी परत भर घालायच्या मोहात पडू नकोस बाई. सासूबाईंना सांग, हो, झोप होत नाही.