जंत अ‍ॅलर्जीपासून वाचवतात? मग शाळेतली गोळी बंद करायची का?

दारव्ह्याचा मास्तर:
गावच्या ग्रुपवर पोस्ट फिरतेय: "आजोबांच्या पोटात जंत होते, म्हणून त्यांना दमा-अ‍ॅलर्जी नव्हती. लेकरांना जंतांची गोळी देऊ नका." वर्गात ती गोळी मीच चारतो, म्हणून गप्प बसवत नाही. जंतांच्या प्रथिनांविरुद्ध शरीर जी आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली लढणारी प्रथिनं, बनवतं, त्याच जातीची अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं. गोल जंताच्या अळ्या आतड्यातून रक्तात आणि तिथून फुफ्फुसात जातात. तेव्हा खोकला, घरघर होते, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. आणि आजोबांना दमा नव्हता हे तपासलं कोणी? आमच्या आळीत "धाप लागते" म्हणायचे आणि रात्रभर बाजेवर बसून राहायचे.

पऱ्हाटीवाला:
मास्तर, पोस्ट मीच टाकली. गॅबनमध्ये शाळेतल्या पोट्ट्यायले जंतांचं औषध घडीघडी देल्लं, तर धुळीतल्या किड्याच्या अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी जास्त पॉझिटिव्ह आली. २००४ सालचा अभ्यास हाय. हे काहून सांगत नाई तुमी?

दारव्ह्याचा मास्तर:
सांगतो ना. चाचणी पॉझिटिव्ह येणं आणि लेकरू आजारी पडणं या दोन गोष्टी आहेत. इक्वेडोरमध्ये वर्षभर अल्बेंडाझोल, म्हणजे हीच जंतांची गोळी, दिलं, तिथे अ‍ॅलर्जी वाढली नाही. तेही सांगा ग्रुपवर.

घाटंजीची आई:
चाचणीचं निघालंच आहे तर ऐका. माझ्या पोरीच्या अंगावर गांधी उठायच्या. शहरातल्या एका लॅबमध्ये अ‍ॅलर्जीचं मोठं पॅनेल, म्हणजे एकाच रक्तात बऱ्याच गोष्टींची तपासणी, करायला लावलं, कापूस विकायच्या आधी उसने पैसे काढून. रिपोर्टात धूळ, झुरळ आणि झिंगे, तिन्ही पॉझिटिव्ह! आम्ही माळकरी, घरात झिंगा कधी शिरला नाही. तरी पथ्याचा कागद हातात: मासे बंद, अंडी बंद, वर दूधही बंद. पोरगी वाळून गेली. जंतांचं कोणी विचारलंसुद्धा नाही.

लॅबवाला, यवतमाळ:
ताई, रिपोर्ट खोटा असेलच असं नाही. ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूतलं प्रथिन गोल जंत, झुरळ, धुळीतला किडा आणि झिंगा यांच्यात बरंचसं सारखं असतं. जंतांविरुद्ध बनलेलं आयजीई झिंग्याच्या प्रथिनालाही चिकटू शकतं. शिवाय जंत असले की एकूण आयजीई तसंही चढतं. मशीन आकडा देतं, अर्थ डॉक्टरांनी लावायचा.

घाटंजीची आई:
मग हे पैसे घ्यायच्या आधी सांगायचं! पॅनेलचे दर भिंतीवर मोठ्या अक्षरांत, आणि ही गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. पोरीचं दूध तोडलं त्याचं काय?

लॅबवाला, यवतमाळ:
चिठ्ठीवर जे लिहून येतं तेच आम्ही करतो. आम्हाला चोर ठरवू नका.

पऱ्हाटीवाला:
चोर नाई त काय? कमिशन कोणाले जाते, अख्ख्या जिल्ह्याले माहीत हाय. मागच्या साली माह्या भावालेबी असंच लुटलं.

लॅबवाला, यवतमाळ:
पुरावा असेल तर नाव घेऊन तक्रार करा. रात्री बारापर्यंत नमुने लावतो आम्ही, हे ऐकून घेणार नाही.

उपकेंद्राची ताई:
भांडण आवरा, मुद्दा सुटला. अंकुशकृमी म्हणजे अनवाणी पायातून शिरणारा आतड्यातला जंत, त्याची लस बनवत होते. ब्राझीलमध्ये ज्यांना आधी हा कृमी झाला होता, त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर लस टोचल्याबरोबर पित्त उठलं, कारण लशीतल्या जंताच्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई रक्तात आधीच होतं. चाचणी थांबवावी लागली. जंत अ‍ॅलर्जी शमवतात म्हणणाऱ्यांनी हे उत्तर द्यावं.

पऱ्हाटीवाला:
देतो. २००६ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून पाह्यले, अंकुशकृमीवाल्यायले दमा कमी निघाला. हे तरी मान्य करा.

उपकेंद्राची ताई:
मान्य. त्याच अभ्यासात गोल जंतवाल्यांना दमा जास्त निघाला, तेवढं तुम्ही गाळलं. आणि अंकुशकृमी दम्यात चांगला म्हणून त्याला पाळायचं का? तो आतड्याला चिकटून रक्त पितो. अनवाणी निंदायला जाणाऱ्या बायांचं हिमोग्लोबिन मी दर महिन्याला तपासते. पापणी खाली ओढली तर आत पांढरंफटक दिसतं.

पऱ्हाटीवाला:
बरं, गोल जंताचं तुमचं खरं. पोस्टमधली गोळीची ओळ काढतो, बाकी ठेवतो. पोट्ट्यायले १० फेब्रुवारीले गोळी देईन. पण लॅबचं मी सोडणार नाई.

घाटंजीची आई:
सोडूच नका. आणि ताई, पोरीचं दूध आता सुरू करू का? कोणाला दाखवू ते सांगा.