‘जुळवून घेणे’ आणि ‘आक्रमक प्रजाती’: शब्द नेमके कोणते वापरावेत?

प्रश्न: नववीच्या मुलांसाठी एक मजकूर लिहितेय. त्यात वाक्य असं आलंय: ‘आक्रमक प्रजाती आल्यावर स्थानिक प्रजाती नव्या परिस्थितीशी जुळवून घेतात.’ (आक्रमक प्रजाती म्हणजे बाहेरून येऊन भराभर पसरणारे, स्थानिकांना त्रासदायक ठरणारे प्राणी-वनस्पती.) वाचताना काहीतरी खटकतंय, पण काय ते सापडत नाही. कुणी सांगाल का?

प्रतिसाद: ताई, मला तरी ‘जुळवून घेणे’ खटकतंय. नवी सून सासरी जुळवून घेते, बदली झालेला माणूस नव्या गावाशी जुळवून घेतो. एकाच आयुष्यात, समजून-उमजून. उत्क्रांतीत असं कुणी काही करून घेत नाही.

ऑस्ट्रेलियातला केन टोड घ्या. उसातले भुंगेरे खाईल म्हणून हा भेक (बेडकाचाच खरबरीत कातडीचा भाऊबंद) 1935 साली हवाईहून क्वीन्सलंडमध्ये आणला. मूळचा तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. डोळ्यांमागे, खांद्यावर विषाच्या फुगीर गाठी. आपल्याकडची धामण भेक खाऊन पचवते, पण ऑस्ट्रेलियात मुळात भेकच नव्हते. तिथल्या बऱ्याच सापांनी तो नेहमीचा बेडूक समजून गिळला आणि ते मेले.

बेन फिलिप्स आणि रिचर्ड शाइन या जीवशास्त्रज्ञांनी संग्रहालयांतले जुने-नवे साप मोजले आणि 2004 मध्ये निष्कर्ष छापले. लाल पोटाचा काळा साप आणि झाडावरचा हिरवा साप यांचं डोकं शरीराच्या मानाने लहान होत गेलं होतं. कारण साधं आहे. जबडा लहान असेल तर मोठा भेक तोंडात मावत नाही, म्हणजे विषही कमी जातं. मोठ्या तोंडाचे मेले, लहान तोंडाचे उरले, पिल्लं त्यांचीच झाली. कुठल्याही सापाने आपलं डोकं लहान करून घेतलं नाही! पुढच्या अभ्यासात दिसलं की भेकांच्या प्रदेशातले काळे साप ते विष जास्त सोसतात आणि भेक खायलाही टाळतात. तेही शिकून नव्हे, जन्मतःच. आणि हे सगळं 23 पिढ्यांच्या आत.

म्हणून इथे क्रियापद ‘बदलत गेली’ असं हवं आणि कर्ता ‘जात’. एकेक साप नव्हे.

दुसरा प्रतिसाद: वरच्याशी सहमत. माझी अडचण ‘आक्रमक’शी आहे. केन टोड कुणावर चाल करून जात नाही, त्याला खाणारा मरतो. मुलं ‘आक्रमक’ वाचून वाघ-सिंह डोळ्यांपुढे आणतील. नुसतं ‘परदेशी’ही चालणार नाही, कारण मिरची परदेशीच, पण ती रानभर पसरली नाही. शेतकरी म्हणतो ‘गवत माजलंय’, तोच शब्द मला इथे चपखल वाटतो: माजलेली उपरी जात. रानात माजलेल्या एका परदेशी झुडपाला लोकांनी ठेवलेलं ‘रानमोडी’ हे नाव तर एका शब्दात सगळं सांगतं.

शिवाय ‘प्रजाती’. वर्तमानपत्रांत तो सर्रास चालतो, पण मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे वरचा गट आणि त्यात अनेक जाती. शाळेसाठी लिहिताय तर ‘जाती’च ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. वाक्य आता असं केलंय: ‘उपरी जात माजली की स्थानिक जातीतले कोण जगणार आणि कोण मरणार हे बदलतं, काही पिढ्यांनी ती जातच बदललेली दिसते.’ सापाचं उदाहरणही घालते. ‘आक्रमक’ मात्र कंसात ठेवावा लागेल, परीक्षेत तोच शब्द येतो.